एक शेड उजळ नको!

फ्रेशर्स पार्टीची तारीख क्लासच्या ग्रुपवर पडली, की दुसऱ्याच मिनिटाला दोघी-तिघींच्या वेगळ्या चॅटमध्ये प्रश्न येतो, ‘ए, मेकअपचं काय करायचं?’ ड्रेस ठरलेला असतो, सँडल मावसबहिणीकडून मागून आणायचे असतात, केसांचं ऐनवेळी काहीतरी बघता येतं. पण मेकअप म्हटलं की पोटात गोळा येतो. बारावीपर्यंत पावडर, काजळ आणि फारतर लिप बाम, याच्यापुढे आपली मजल गेलेली नसते. व्हिडिओ बघून शिकावं म्हटलं, तर समोरची मुलगी ‘अगदी बेसिक’ म्हणत डझनभर डब्या-ट्यूबा टेबलवर मांडते. त्यातल्या निम्म्यांची नावं उच्चारायचीही पंचाईत.

म्हणून आज इथं थेट हाच विषय. तुम्ही मेकअप कधी केलेला नाही, करावासा वाटतोय, हातात पैसे बेताचे आहेत आणि ‘भूत दिसले तर?’ अशी धास्ती आहे, असं धरून बोलतेय. करायचाच नसेल तर बिलकूल करू नका. इंटरव्ह्यूला मेकअप लागतोच, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. धुतलेला चेहरा, विंचरलेले केस आणि इस्त्रीचे कपडे यांनीही माणूस नीटनेटकं दिसतं. पण हौस असेल तर तिची लाज वाटून घेऊ नका. ‘कॉलेजला शिकायला जातेस की नटायला?’ हा प्रश्न आपल्याकडे आजीनं आईला विचारला, आईनं तुम्हाला विचारला. ‘दोन्हीला’ असं उत्तर द्यायला हरकत नाही. फक्त अटेंडन्स तेवढी ठेवा.

आधी माझी फजिती सांगते. एफवायला होते. ट्रॅडिशनल डे होता. आईची नारायणपेठ साडी मिळाली होती, ब्लाउज टाके घालून मापाचा केला होता. राहिला होता तो मेकअप. आदल्या दिवशी संध्याकाळी घराजवळच्या एका दुकानात कॉम्पॅक्ट घ्यायला गेले. मी चांगली सावळी आहे. काउंटरमागच्या काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं, काही विचारलं नाही आणि कपाटातली सगळ्यात फिकट डबी पुढे केली. ‘ही घ्या, उजळ दिसाल.’ दुकानात ट्यूबलाइट, आरसा तळहाताएवढा आणि मागे गिऱ्हाइकांची रांग. मी मुकाट पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर, भर दुपारच्या उन्हात ग्रुप फोटो निघाला. त्या फोटोत चेहरा एका मुलीचा आहे आणि मान दुसऱ्या मुलीची. चेहऱ्याचा रंग गोरा नाहीच, राख फासल्यासारखा करडा. माझी एक मैत्रीण तो फोटो अजून जपून आहे आणि दर वाढदिवसाला न चुकता स्टेटसला टाकते.

त्या दिवशी मी ठरवून टाकलं, की मेकअप हे आपलं काम नाही, आपल्या चेहऱ्याला तो शोभत नाही. पुढची तीन वर्षं मी कशालाही हात लावला नाही. खूप उशिरा कळलं, की हात चुकला नव्हता, चेहरा तर नव्हताच नव्हता. डबी चुकली होती. मला माझ्या रंगाची पावडर हवी होती, काकांनी मला दोन शेड गोरेपणा विकला.

तुम्हाला वाटेल, ही जुनी गोष्ट झाली. आता कुठे असं राहिलंय? कोणत्याही कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेचे फोटो झूम करून बघा. पांढुरक्या चेहऱ्यांखाली गव्हाळ, सावळ्या माना दिसतील. नव्यानं मेकअप सुरू करणाऱ्या मुलीची पहिली चूक ब्रश धरण्यात होत नाही, ती खरेदीच्या वेळी होते. आणि ती चूक तिच्या एकटीची नसते. दुकानदार फिकट शेड पुढे करतो, सोबत आलेली आत्या ‘अगं जरा उजळ घे की’ म्हणते, आणि आपल्याला स्वतःलाही आतून तेच हवं असतं. चेहऱ्यावर काहीतरी लावायचं ते गोरं दिसायलाच, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ‘मेकअप’ आणि ‘उजळ’ हे शब्द जुळे भाऊ वाटतात.

ते बसायला कारणंही आहेत. लॅक्मे ही टाटांची कंपनी १९५२ साली सुरू झाली, म्हणजे भारतीय मुलींसाठी भारतात बनलेला मेकअप सत्तर वर्षांहून जुना आहे. पण १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली आणि पुढची पंचेचाळीस वर्षं त्या नावातच सगळं सांगून टाकलेलं होतं: गोरी असशील तर छान दिसशील. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, लग्न ठरत नाही, मग ट्यूब येते आणि सगळं जमून जातं, या जाहिराती तुमच्या आयांनी जेवताना टीव्हीवर पाहिल्या आहेत. २०२० मध्ये नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. नावातला गोरेपणा गेला. आत्याच्या डोक्यातला कधी जाईल, ते माहीत नाही.

यात फक्त आपल्याच देशाचा दोष आहे असंही नाही. जगभर वर्षानुवर्षं फाउंडेशनच्या शेड्स गोऱ्या कातडीसाठी भरपूर आणि गडद रंगासाठी दोन-तीन, अशाच निघत होत्या. गायिका रिहानानं २०१७ मध्ये ‘फेंटी ब्युटी’ काढली, तेव्हा पहिल्याच दिवशी फाउंडेशनच्या ४० शेड्स आणल्या आणि त्यातल्या गडद शेड्सना भरपूर मागणी आली. त्यानंतर मग इतर कंपन्यांनाही आपली शेड्सची यादी लांबवावी लागली. आज तुमच्या माझ्या बजेटमधल्या भारतीय ब्रँड्सकडेही गडद शेड्स मिळतात. तेव्हा दुकानात ‘तुमच्या रंगात नाही हो येत’ असं कुणी म्हणालं, तर तुमच्या रंगाचा काही दोष नाही. त्या दुकानात माल नाही, एवढंच. दुसऱ्या दुकानात जा.

आता शेड बघायची कशी? मनगटावर लावून बघू नका. मनगटाच्या आतली त्वचा चेहऱ्यापेक्षा फिकट असते, तिथं जुळलेली शेड चेहऱ्यावर पांढरी पडते. जबड्याच्या कडेला, जिथं गाल संपून मान सुरू होते, तिथं दोन-तीन शेड्सच्या बोटभर उभ्या रेघा ओढा. आणि मग दुकानाबाहेर या. हे महत्त्वाचं आहे. दुकानातला पिवळा-पांढरा उजेड सगळ्यांना फसवतो. बाहेर उजेडात, पण थेट उन्हात नाही, मोबाइलचा फ्रंट कॅमेरा उघडा, ब्युटी फिल्टर बंद करा आणि बघा. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. जी ‘उठून’ दिसते ती ठेवून द्या, मग ती कितीही सुंदर असू दे. लगेच विकतही घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटं तिथल्या तिथे फिरा, भेळ खा. बरीच फाउंडेशनं त्वचेवरच्या तेलाशी आणि हवेशी जमवून घेताना थोडी गडद होतात. खरा रंग तेव्हा कळतो.

आणखी एक घोळ अंडरटोनचा. दोन मुली सारख्याच सावळ्या असतात, पण एकीच्या रंगात पिवळसर झाक असते, दुसरीच्या रंगात तांबूस, तिसरीच्या रंगात किंचित हिरवट. शेडचा गडदपणा जुळूनही चेहरा परका वाटत असेल, तर ही झाक जुळत नाहीये असं समजा. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ते बघा, असं व्हिडिओत सांगतात. गडद त्वचेत शिरा धड दिसतच नाहीत, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. जबड्यावरची रेघ शिरांपेक्षा जास्त खरं बोलते. दोन शेड्सच्या मधोमध अडकलात तर, घरच्यांचा सल्ला काहीही असो, गडद घ्या. किंचित गडद शेड पातळ लावली तर मिसळून जाते. फिकट शेड मात्र कितीही घासा, चुगली करतेच.

उजळ व्हायच्या हट्टाची दुसरी वाट मेकअपपेक्षा कितीतरी धोक्याची आहे आणि ती मेडिकल स्टोअरमधून, पार्लरमधून, इन्स्टावरच्या ‘होममेड ग्लो क्रीम’मधून जाते. मेकअप सुरू करताना ‘आधी स्किन क्लिअर करून घे’ म्हणून कुणीतरी ही क्रीम हमखास सुचवतं. आठ दिवसांत चेहरा खरंच गोरा आणि गुळगुळीत दिसायला लागतो, म्हणून आपण आणखी चोपडतो. यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. इसबासारख्या त्रासावर डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावलं की कातडी पातळ होते, लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, ओठांच्या वर केस उगवतात. सोडावं तर चेहऱ्याची आग आग होते, म्हणून परत तीच ट्यूब. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा अनेक स्टेरॉइड क्रीम्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, असा नियम केला. तरीही नावासकट मागितली की ट्यूब काउंटरवर येते, हे तुम्हालाही माहीत आहे.

स्टेरॉइडपेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे पारा. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया अडवतो, म्हणून गोरं करणाऱ्या भेसळीच्या क्रीम्समध्ये तो घातला जातो. तो कातडीतून रक्तात जातो आणि किडनीवर बसतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना २०२१ ते २०२३ या काळात किडनीच्या एका आजाराचे २२ रुग्ण दिसले. त्यातल्या १५ जणांचा आजार एका दुर्मीळ प्रकारचा होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणाऱ्या क्रीम्स वापरत होते. आपल्या अकोल्यातूनही २०२३ च्या सुरुवातीला एकाच घरातल्या तिघांच्या किडनीवर अशाच क्रीमनं परिणाम झाल्याची बातमी आली होती. आपल्याकडचा २०२० चा सौंदर्यप्रसाधनांचा नियम सांगतो, की डोळ्यांसाठीची प्रसाधनं सोडून इतर कशातही पारा चुकून आला तरी दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. पण नियम लेबल असलेल्या डबीवर चालतो. लेबलच नसलेल्या पांढऱ्या डबीत काय आहे, ते भरणाऱ्यालाच ठाऊक.

म्हणून काहीही घेताना डबी उलटी करून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, वापराची मुदत हे सगळं छापलेलं हवं. बाहेरच्या देशातून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. उघड्या डबीचं छोटंसं चित्र आणि त्यावर ‘१२ एम’ असं काहीतरी दिसेल; उघडल्यावर ती वस्तू बारा महिने चालेल, असा त्याचा अर्थ. मोठ्या ब्रँडची हजाराची लिपस्टिक फुटपाथवर ऐंशी रुपयांना मिळत असेल, तर ती त्या ब्रँडची नाही. ऐंशी रुपयांचीच लिपस्टिक हवी असेल तर नाव-पत्ता असलेल्या साध्या कंपनीची खरी घ्या. ओठांवर लावलेलं थोडं का होईना, पोटात जातं.

इतकं वाचून घाबरला असाल तर थांबा, गंमतीचा भाग आता सुरू होतोय.

पहिल्या खरेदीला चार गोष्टी पुरतात. सनस्क्रीन, काजळ, एक लिपस्टिक आणि आपल्या शेडचं कन्सीलर. बस्स. जपून घेतलं तर सगळं मिळून हजार रुपयांच्या आसपास बसतं, आणि सनस्क्रीन तुमच्याकडे आधीच असेल तर आणखी कमी. प्रायमर, कंटूर, हायलायटर, सोळा रंगांचं आयशॅडो पॅलेट हे सगळं दुकानातच राहू दे. त्या पॅलेटमधले चौदा रंग आपण कधीच वापरत नाही, आणि हे मी स्वतःच्या ड्रॉवरकडे बघून सांगतेय.

चेहरा धुवा, मॉइश्चरायझर लावा, मग सनस्क्रीन. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा, एवढं सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला लागतं. आपण सहसा त्याच्या अर्धं लावतो. फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे म्हणून सनस्क्रीन टाळू नका, कारण तेवढं फाउंडेशन कुणी थापत नाही. मात्र रात्रीच्या पार्टीत फ्लॅशचे फोटो निघणार असतील तर पांढरट थर सोडणारं सनस्क्रीन नको, चेहरा फोटोत पिठासारखा येतो. पाच-दहा मिनिटं ते मुरू द्या. तेवढ्यात साडीच्या पिना शोधून होतात.

मग कन्सीलर. सगळ्या चेहऱ्याला फाउंडेशन लावायची गरज विशीत फार थोड्यांना असते. मुरुमाचा डाग, डोळ्यांखालचा काळेपणा, नाकाच्या कडेची लाली, जिथं हवं तिथंच ठिपका ठेवायचा आणि बोटानं थोपटायचा. घासायचा नाही. बोटाच्या उबेनं ते छान पसरतं, महागडा स्पंज लागत नाही. डोळ्यांखाली फार काळं असेल तर फिकट कन्सीलर त्यावर करडं दिसतं. अशा वेळी आधी किंचित नारिंगी रंगाचं करेक्टर आणि त्यावर आपल्या शेडचं कन्सीलर लावतात. ज्यांना हा त्रास नाही त्यांनी हे वाक्य विसरून जा.

काजळ हा तर आपला घरचा विषय. तुपाच्या दिव्याची काजळी धरून घरी काजळ पाडणाऱ्या आज्या अजूनही आहेत, आणि त्यांचा हात आपल्यापेक्षा स्थिर असतो. पण ती काजळी डोळ्यांत घालणं नेत्रतज्ज्ञांना पसंत नसतं, आणि सुरम्यात तर शिसं असू शकतं. तेव्हा पेन्सिल बरी. काजळ पसरून दुपारपर्यंत डोळ्यांखाली उतरतं, ही मुंबई-कोकणातल्या मुलींची कायमची तक्रार. त्याचं कारण घाम आणि पापणीखालचं तेल. डोळ्यांखाली टिश्यूनं टिपून घ्या, बारीक पावडर दाबा आणि मग काजळ भरा. नागपूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा त्रास कमी, तिथं ओठ आणि गाल सुकतात, त्यामुळे मॅट लिपस्टिकखाली बाम लागतोच. लायनरची ती टोकदार शेपटी पहिल्या आठवड्यात कुणालाच जमत नाही. एक डोळा कतरिना आणि दुसरा कथकली, हे सगळ्यांचं होतं. ज्या दिवशी कुठेही जायचं नाही अशा दिवशी रात्री, झोपण्याआधी सराव करा. बिघडलं तर धुवायचंच असतं.

लिपस्टिकला मात्र शेडचा तोच नियम पुन्हा लागू होतो. ‘न्यूड’ नावाची लिपस्टिक कुणाच्या तरी कातडीच्या रंगाची असते; ती तुमच्या असेलच असं नाही. तुमच्या ओठांपेक्षा फिकट न्यूड लावली तर आजारी असल्यासारखं दिसतं. सावळ्या रंगावर विटकरी, मरून, जांभळट, गडद गुलाबी आणि पिकलेल्या डाळिंबासारखा लाल असे काही खुलतात की गोऱ्या मैत्रिणी मागून घेतात. ‘आपल्यावर लाल नाही जात’ हे ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांनी बहुधा तुम्हाला लाल लावून कधी बघितलेलंच नाही. त्याच लिपस्टिकचा एक ठिपका दोन्ही गालांवर बोटानं पसरला की ब्लशचे पैसे वाचले.

मैत्रिणीनं मागून घेतली म्हणाले खरं, पण देऊ नका. निदान काजळ आणि मस्कारा तरी नाहीच. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली होती, हॉस्टेलमधल्या मुलींना ती चांगली आठवत असेल. डोळ्यांना लावायची पेन्सिल एका खोलीत चौघींत फिरली, की एकीचा संसर्ग चौघींना होतो. मस्कारा उघडल्यावर तीन महिन्यांत टाकून द्या, डोळे आले असतील तर तेव्हाचं काजळही टाका. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी लेन्स घाला, मग मेकअप; काढताना आधी लेन्स. नवीन काहीही आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडंसं लावून दोन दिवस वाट बघा. पार्टीच्या दिवशी सकाळी पहिल्यांदा उघडलेली ट्यूब ही जवळपास प्रत्येकीच्या फजितीच्या गोष्टीत असते.

इथपर्यंत मुलींशीच बोलत राहिले, पण मुलांनो, तुम्हीही वाचताय हे माहीत आहे. मुरुमाच्या डागावर कन्सीलरचा ठिपका लावला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, आणि सनस्क्रीन तर लावाच. एकांकिका स्पर्धेच्या विंगेत रंग लावून घेताना तुम्हाला लाज वाटत नाही, मग प्रेझेंटेशनच्या दिवशी कशाला? ज्या नाट्यपरंपरेत बालगंधर्वांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल त्या काळच्या बायका करत होत्या, तिथं तरी हा संकोच नको. आणि ‘मेकअप म्हणजे बायकांचं काम’ म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती: मुंबईच्या सिनेसृष्टीत अनेक दशकं बायकांना मेकअप आर्टिस्ट म्हणून काम करायची बंदी होती. कामगार संघटनेचा नियम असा, की बायकांनी केशभूषा करायची, रंगभूषा पुरुषांनी. चारू खुराना आणि त्यांच्या सहकारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कोर्टानं हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. म्हणजे हौस म्हणून केला तर बायकी, आणि पैसे मिळायला लागले की पुरुषांचा!

ज्यांना हात बसेल, आवड वाटेल, त्यांनी याच्याकडे काम म्हणूनही बघावं. सुबोध भावेंचा ‘बालगंधर्व’ पाहिला असेल, तर त्यातल्या रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, ‘द डर्टी पिक्चर’बरोबरच. लग्नाच्या सीझनमध्ये वीकेंडला नवऱ्या सजवून स्वतःची फी भरणाऱ्या मुली तुमच्याच वर्गात असतील. या मुलींना विचारा, नवरीकडचे लोक सगळ्यात जास्त वेळा काय सांगतात. ‘थोडी उजळ दिसली पाहिजे हं.’ माझ्या ओळखीची एकजण यावर हसून ‘हो हो’ म्हणते, आणि नवरीच्या मानेशी जुळवून, तिच्याच रंगाची शेड काढते. आजवर कुणी पैसे परत मागितलेले नाहीत.

राहता राहिलं मेकअप उतरवणं. पार्टीहून रात्री साडेदहाची लोकल पकडून घरी याल, पाय दुखत असतील, फोटो अपलोड करायचे असतील, तरी तसंच झोपू नका. रात्रभर तो थर छिद्रांत बसला की आठवड्यानं पुटकुळ्या येतात आणि खापर मेकअपवर फुटतं. रिमूव्हर नसेल तर खोबरेल तेलाचे चार थेंब तळहातावर घ्या, चेहऱ्यावर हलक्या हातानं फिरवा, काजळ आणि लिपस्टिक विरघळून येते. ओल्या मऊ कापडानं पुसा आणि मग फेसवॉशनं धुवा. मुरमं जास्त येत असतील तर तेलाऐवजी मायसेलर वॉटर वापरा, त्याची छोटी बाटलीही मिळते. डोळे चोळू नका, काजळ कोपऱ्यात राहिलं तर राहू दे, सकाळी निघेल. पापणीवर उरलेलं चिमूटभर काजळ घेऊन आठच्या लेक्चरला बसलेल्या मुली प्रत्येक वर्गात असतात, आणि त्या छान दिसतात.